शेजारी न आलेलं मरण

१

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. उन्हाळा असा की तपासायचे तुकडे ज्यात बसवतात ते मेणाचे ठोकळे कापायला घेण्याआधीच मऊ पडायचे आणि त्यांना बर्फ लावून लावून बोटं बधिर व्हायची. त्या बधिर बोटांमुळेच शेंडेफळाला तो बुधवार अजून आठवतो.

शेंडेफळ हे काही तिचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेचं काम शिकायला आलेल्या अकरा मुलींत ती वयानं आणि अंगानंही सगळ्यांत लहान, म्हणून पहिल्याच दिवशी हे नाव चिकटलं ते कायमचं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर पॅथॉलॉजीचा विभाग होता. मुली सकाळी तिथे काम करायच्या आणि दुपारी त्याच खोलीत, त्याच स्टुलांवर बसून शिकायच्या. शिकवणाऱ्या बाई गळ्यात काळ्या दोरीला एक छोटं भिंग अडकवून फिरायच्या. पोरींनी त्यांना भिंगबाई करून टाकलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

त्या बुधवारी सकाळी बाईंनी एक काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली, बराच वेळ बघितली आणि शेंडेफळाला हाक मारली.

“काय दिसतं?”

शेंडेफळानं डोळा लावला. पेशींच्या रांगा होत्या, पण प्रत्येक पेशीच्या मधोमध जो गडद निळा ठिपका दिसायला हवा, तो कुठेच नव्हता. पाटीवरची अक्षरं ओल्या हातानं पुसावीत तसं सगळं फिकट.

“मेल्यात बाई.”

“मेल्यात ना? मग शेजारी कुठे आहेत?”

भिंगबाईंच्या पहिल्या तासाला हजर असलेल्या कोणालाही हा प्रश्न समजला असता. बाई म्हणायच्या, गल्लीत कोणी गेलं की शेजारी जमतात, शरीरातही तसंच. जिवंत शरीरात काही पेशी मेल्या की पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी धावत येतात, मग ढिगारा उचलणाऱ्या थोराड पेशी, आणि मग डागडुजी करणाऱ्या. आपल्याला बाहेरून जी लाली, ऊब आणि सूज दिसते, ती या गर्दीचीच. या काचेवर मरण होतं आणि गर्दी नव्हती. एकही शेजारी आला नव्हता.

तुकडा होता शिलाईबाईचा. ही बाई पायानं चालवायच्या यंत्रावर लोकांचे कपडे शिवून दोन मुलींना वाढवत होती. नवरा कधीचाच गेलेला. तिच्या उजव्या पोटरीत लिंबाएवढी टणक गाठ आली होती आणि शनिवारी दुपारी तिथला तुकडा काढून तळमजल्यावर तपासायला पाठवला होता. मोठ्या सर्जनना वाईट रोगाचा संशय होता. झपाट्यानं वाढणारी गाठ स्वतःच्याच रक्तपुरवठ्याच्या पुढे पळते आणि तिचा मधला भाग मरून जातो. तसं असेल तर शुक्रवारी सकाळी आठ वाजता पाय गुडघ्याच्या वरून काढायचा, असं ठरलं होतं. असा गाठीच्या पोटातला भाग असेल तर तिथवर शेजारी पोचतही नाहीत, हे बाईंनी स्वतःच कबूल केलं.

“पण दुसरंही एक असू शकतं,” बाई म्हणाल्या. “तुकडा पायातून जिवंत निघाला असेल आणि बाटलीत मेला असेल. तुकडा टिकवणारं फॉर्मालिन बाटलीत नसलं तर या उन्हात दोन दिवस पुरेत. प्रश्न एवढाच आहे. या पेशी पायात मेल्या, की बाटलीत?”

त्यांनी फडताळातून ती बाटली मागवली. बूच काढताच फॉर्मालिनचा तिखट वास डोळ्यांत गेला. सगळ्या पोरी मागे सरकल्या.

शेंडेफळही सरकली. पण सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता याच बाटलीला कसलाही वास नव्हता, हे त्या खोलीत तिला एकटीला माहीत होतं.

२

विभागात बाटल्या धुण्याचं आणि भरण्याचं काम बाटलीमामांचं. तीस वर्षं तेच काम. म्हातारा अंगानं काटक, बोलायला मिश्कील, आणि निवृत्तीला पाच महिने उरलेले. मामांची एक पद्धत होती. फॉर्मालिन दिसायला पाण्यासारखं. कोण्या तहानलेल्यानं एकदा बाटली तोंडाला लावली होती म्हणे. तेव्हापासून मामा प्रत्येक बाटलीत ईओसिनचा एक थेंब टाकायचे. काचा रंगवायला वापरतात तो हा गुलाबी रंग. सगळं फॉर्मालिन फिकट गुलाबी दिसायचं. “विषाला लाली लावून ठेवली की ते स्वतःच ओरडतं,” असं मामा म्हणायचे. तळमजल्यावर सगळ्यांना आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या नेहमीच्या सिस्टरना ही पद्धत माहीत होती. कागदावर मात्र कुठेच नव्हती.

त्या वर्षी मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. वरच्यांना कळलं तर पाच महिने आधीच घरी बसवतील, या धाकानं ते गुपचूप दुसऱ्या गावी डोळे दाखवायला जायचे. त्या शनिवारीही गेले आणि उगवले ते सोमवारी दुपारी. जाताना किल्ली शेंडेफळाच्या हातात देऊन म्हणाले, बारा बाटल्या भरायच्या पोरी, आणि वहीत माझी खूण करून ठेव. मामांची खूण म्हणजे एक गोल आणि त्यात फुली. नाव लिहिण्याऐवजी तेवढंच.

शेंडेफळानं बाटल्या भरल्या. पण त्या दुपारी तिची थोरली बहीण तान्ह्या बाळाला घेऊन बसनं यायची होती, आणि शेंडेफळाचा एक डोळा घड्याळावर होता. टेबलावर एका बाजूला फॉर्मालिनचा बुधला होता, दुसऱ्या बाजूला मिठाच्या पाण्याचा. शेवटच्या तीन-चार बाटल्या तिनं घाईघाईनं उरकल्या. बारा गोल काढले, बारा फुल्या मारल्या आणि पळाली.

सोमवारी तिनं शिलाईबाईची बाटली नोंदीला घेतली. आतलं पाणी नितळ. नाक लावलं, वास नाही.  आपणच घाईत मिठाचं पाणी भरलं, थेंबही टाकला नाही, असं ती धरून चालली. खोलीत कोणी नव्हतं. तिनं ते पाणी मोरीत ओतलं, बुधल्यातून फॉर्मालिन भरलं आणि बूच लावलं. रंगाची कुपी मामांच्या कुलपात होती आणि कुलपाची किल्ली तिनं शनिवारीच कार्यालयात परत दिली होती, म्हणून थेंब राहिला. अजिबात नसण्यापेक्षा उशिरा बरं, अशी तिनं मनाची समजूत घातली. तुकडा पुढे गेला, स्पिरिटातून, मेणातून, आणि बुधवारी काचेवर आला.

सोमवारी तेव्हाच एक वाक्य बोलली असती तर त्याच दुपारी दुसरा तुकडा घेता आला असता. पण मामांची खोटी खूण, मामांचे डोळे, स्वतःचं शिक्षण, सगळं त्या एका वाक्याला बांधलेलं होतं. आणि गप्प बसायला काही करावं लागत नाही. ते आपोआप होतं.

बुधवारी दुपारी भिंगबाईंनी तिला बोलावलं. बाई म्हणाल्या, “तुझं अक्षर चांगलं आहे. मी चार माणसांशी बोलणार आहे. तू शेजारी बसून लिहून घे.”

३

पहिलं बोलणं मोठ्या सर्जनांशी झालं. ते उभ्या उभ्याच बोलले, कारण ते कोणाकडे बसत नसत.

बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. तुकड्याच्या कडेला रक्ताची एक गुठळी चिकटलेली आहे. तुकडा कापताना सांडलेलं रक्त असणार ते. म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत बाईच्या अंगात फिरत होतं. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीसुद्धा पुसून गेल्यात. जे दुपारपर्यंत जिवंत होतं ते पायात कसं मरेल?

मोठे सर्जन रागीट होते पण मूर्ख नव्हते. ते म्हणाले की अशा गाठींत आतल्या आत रक्त साकळतं. ही गुठळी महिन्यापूर्वीची नसेल कशावरून?  बाईंनाही ते खोडता येईना.

“तुमची वही म्हणते फॉर्मालिन भरलं. बाटलीला वास फॉर्मालिनचा. आणि थांबलो नि रोग छातीत गेला तर ती बाई सहा महिन्यांत जाईल. तुमच्या काचेवरच्या शेजाऱ्यांच्या भरवशावर मी पाय राखू? मला बाटली उघडून बघितलेलं माणूस आणून द्या. उद्या पाचपर्यंत. मग मी पुन्हा तुकडा घेतो.”

शेंडेफळानं हे शब्दन्‌ शब्द लिहून घेतलं. ‘माणूस’ या शब्दावर टाक अडला आणि कागदावर डाग पडला.

मग बाटलीमामा आले. टोपी हातात घेऊन बसले. बाईंनी सरळ विचारलं, शनिवारी बाटल्या कोणी भरल्या?

मामांनी शेंडेफळाकडे पाहिलंही नाही. “कोण भरणार? मीच. तीस वर्षं दुसरं काय केलंय मी?”

“फॉर्मालिनच भरलंत?”

“बाई, म्हातारा झालो, पण मीठ आणि मिरची ओळखतो अजून. बाराही बाटल्यांत फॉर्मालिन, बाराही गुलाबी.”

बाहेर पडल्यावर जिन्याखाली त्यांनी शेंडेफळाला गाठलं. तिनं शनिवारी नीट भरलं होतं ना, एवढंच विचारलं. तिनं हो म्हटलं. “मग झालं तर. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे. माझ्या नावावर आहे ते माझ्याच नावावर राहू दे.”

ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. तिला वाचवायला म्हातारा खोटं बोलला होता, आणि नेमक्या त्या खोट्यानं बाटली निर्दोष ठरत होती. बाटली निर्दोष म्हणजे पाय दोषी.

४

गुरुवारी सकाळी धाकटे डॉक्टर आले. तुकडा यांनीच काढला होता. नुकतीच मिशी राखलेला तरुण माणूस, सारखा मिशीला हात. त्यांना वाटलं आपल्यावर ठपका येतोय, म्हणून न विचारलेलंही सांगू लागले. शनिवारी नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या, बाळंतिणींच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर बदली आल्या होत्या, टेबल त्यांनीच लावलं. तुकडा स्वतःच्या चिमट्यानं बाटलीत सोडला, चिठ्ठी स्वतःच्या हातानं लावली.

“तुकडा तळाशी बसलेला दिसला?”

“अगदी स्पष्ट. आतलं पाणी कसं, पाण्यासारखं स्वच्छ.”

बाईंनी मान हलवली आणि आणखी काही विचारलं नाही. शेंडेफळ लिहीत होती. त्या वाक्याशी हात थांबला, मग पुढच्या वाक्यावर गेला.

जाता जाता डॉक्टर म्हणाले की शिलाईबाईला त्यांनी काल सकाळीच सांगून टाकलंय. पाय जाणार म्हणून मनाची तयारी झालेली बरी. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मिशीवरचा हात खाली आला.

मग बाई वॉर्डात गेल्या, वही घेऊन शेंडेफळ मागोमाग. शिलाईबाई खाटेवर बसून कोणाच्या तरी झग्याला हातशिलाई करत होती. रडलेली दिसत नव्हती. उलट तिनंच धीर दिल्यासारखं सांगितलं की आता सगळी व्यवस्था लागली आहे. थोरली तेरा वर्षांची, सातवीत पहिल्या तिघींत नंबर. काल तिचं शाळेतून नाव काढलं. आजपासून ती यंत्रावर बसायला लागली आहे. धाकटीचं तरी शिक्षण होईल.

“कालच काढलं?” बाईंनी विचारलं.

“मग काय करू? पाय जाईपर्यंत थांबून तो परत येणार आहे का?”

खाटेच्या पायथ्याशी ती मुलगी उभी होती. दोन वेण्या, बोटाला सुई टोचलेली, त्यावर चिंधी. तिनं शेंडेफळाच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. वही नवी होती, कोरी पानं पुष्कळ होती. शेंडेफळानं ती पाठीमागे धरली.

तिसऱ्या प्रहरी थोरल्या सिस्टर आल्या. या बाई स्वच्छतेच्या बाबतीत देवालाही दोनदा आंघोळ घालतील, असं सगळे म्हणत. इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसल्या. हातात रुमाल, रुमालाला निलगिरीचं तेल, आवाज नाकात. त्या पोचल्या तेव्हा बाईंच्या कोपऱ्यातल्या स्पिरिटच्या दिव्यावर चहाचं दूध ठेवलेलं होतं.

सिस्टरनी सांगितलं की त्या दिवशी बोलावणं आलं तेव्हा अंगात कणकण होती, तरी गेल्या. टेबल लावलं. तळमजल्यावरून आलेली बाटली मांडली.

“बाटली ठीक होती?”

“तुमच्या तळमजल्यावरून काय अवस्थेत काय येतं, ते मला विचारू नका बाई. माझ्या टेबलावर पोचतं ते स्वच्छ असतं.”

एवढ्यात दूध उतू गेलं आणि करपलं. खोलीभर वास पसरला. शेंडेफळानं नाक मुरडलं, दारातली एक मुलगी ठसकली. बाई जागच्या हलल्या नाहीत. दिवा विझवायलाही उठल्या नाहीत. त्या सिस्टरकडे बघत राहिल्या. सिस्टर मात्र दिव्याकडे पाठ करून, बाळंतिणींच्या वॉर्डात झुरळं कशी झाली आहेत ते शांतपणे सांगत होत्या.

त्या गेल्यावर बाईंनी दिवा विझवला आणि दार लावून घेतलं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

“वही दे,” त्या म्हणाल्या.

५

बाईंनी वही वाचली. मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. भिंग गळ्यातच होतं, त्याची गरज पडली नाही.

“अक्षर सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. “मोठ्या सर्जनांचं खाकरणंसुद्धा तू टिपलंयस. फक्त एक वाक्य गळलंय. धाकटे डॉक्टर म्हणाले, आतलं पाणी पाण्यासारखं स्वच्छ. या सगळ्यात कामाचं वाक्य तेवढंच होतं.”

शेंडेफळ स्टुलाच्या कडेला नख खुपसत होती.

“आणि एका माणसाची साक्ष या वहीत नाही.”

“कोणाची?” तिनं विचारलं. 

“तुझी.”

बाईंनी फडताळातून दुसरी वही काढली, मामांची. महिनाभरातले गोल आणि फुल्या दाखवल्या. गोल वाकडे, फुली गोलाच्या बाहेर गेलेली. अधू डोळ्यांच्या माणसाच्या खुणा. शनिवारच्या बारा मात्र एकसारख्या, कंपासनं काढल्यासारख्या. बाई म्हणाल्या की त्या बुधवारपासूनच हे ओळखून आहेत. वही तिच्या हाती दिली ती त्यासाठीच. चार लोकांचं ऐकता ऐकता ती आपणहून बोलेल असं त्यांना वाटलं होतं. “वाट पाहिली मी. आता पाऊण तासच उरलाय, म्हणून विचारते.”

मग ती बोलली. शनिवार, बस, दोन बुधले, सोमवारची नितळ बाटली, मोरी. रडली नाही. रडणं म्हणजे सूट मागणं होईल, असं तिला वाटलं. फक्त शेवटी म्हणाली की बाई, मीच मिठाचं पाणी भरलं.

“नाही भरलंस,” बाई म्हणाल्या.

त्यांनी बाटलीचं बूच काढून तिच्यासमोर उलटं ठेवलं. खालच्या बाजूला, जिथे पाण्याचा स्पर्श होतो तिथे, बूच फिकट गुलाबी झालेलं होतं. आतलं आत्ताचं फॉर्मालिन मात्र बिनरंगी.

“मामांची बुचं नवी आहेत, गेल्याच आठवड्यात आली. हे गुलाबी झालं म्हणजे बाटली तळमजल्यावरून निघाली तेव्हा आत थेंब होता. थेंब तू फॉर्मालिनचा वास डोळ्यांत गेल्यावरच टाकतेस, मिठाच्या पाण्यात कोणी टाकत नाही. म्हणजे तू बरोबर भरलीस. डॉक्टरांनी तुकडा सोडला तेव्हा पाणी नितळ. म्हणजे तळमजला आणि तुकडा यांच्या मध्ये कोणीतरी बाटली ओतली. त्या मधल्या वाटेवर माणूस एकच.”

शेंडेफळाला करपलेलं दूध आठवलं.

“नेहमीच्या सिस्टरना मामांची लाली माहीत आहे. या बदली आलेल्या. गुलाबी पाणी बघून त्यांना काय वाटलं असेल? आधीच्या कोणाचं तरी रक्त धुतलेली, घाण बाटली आली. बूच काढल्यावर वास आला असता तर थांबल्या असत्या. पण त्या कणकणीपासून त्यांचं नाक चोंदलंय. समोर दूध जळतंय तेही ज्यांना कळत नाही, त्यांना फॉर्मालिन काय कळणार? त्यांनी बाटली धुतली आणि निर्जंतुक मिठाचं पाणी भरलं. मनापासून, चांगल्यासाठी. त्यांच्याइतकी स्वच्छ बाई नसती तर हे घडलंच नसतं.”

शेंडेफळानं श्वास सोडला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं क्षणभर वाटलं. “म्हणजे माझी चूक नव्हती?”

बाईंनी बूच परत लावलं.

“शनिवारची नव्हती,” त्या म्हणाल्या. “सोमवारची होती.”

धोंडा पुन्हा जागेवर आला, आणि आता त्याचं वजन नेमकं कळत होतं. सोमवार ते गुरुवार. आणि मध्ये, बुधवारी, शाळेच्या हजेरीतून काढलेलं एक नाव.

“चल,” बाई म्हणाल्या. “पाचला वीस आहेत.”

६

मोठे सर्जन हात धूत होते. त्यांनी पाठ न वळवता ऐकलं. मग नळ बंद केला.

“वास नव्हता?”

“नव्हता.”

“रंग?”

“नव्हता. पाण्यासारखं होतं.”

“आणि हे तू आज सांगतेस.”

त्यांनी हात पुसले. शुक्रवारच्या यादीवर शिलाईबाईच्या नावापुढे जे लिहिलं होतं ते त्यांनी खोडलं आणि ‘पुन्हा तुकडा’ असं लिहिलं.

थोरल्या सिस्टरना बाईंनी एकांतात सांगितलं. त्या बराच वेळ रुमालाच्या घड्या घालत बसल्या. मग म्हणाल्या, “मी घाण समजून धुतली हो,” आणि शुक्रवारी सर्दी असूनही दुसरा तुकडा गुलाबी बाटलीत घालून, दोन्ही हातांत धरून, दोन जिने उतरून स्वतः तळमजल्यावर घेऊन आल्या. मामांना म्हणाल्या, वास येतोय का बघा, मला कळत नाही. मामांनी हुंगलं आणि डोळे पुसले. डोळ्यांत फॉर्मालिनच गेलं, असं म्हणाले.

पुढच्या मंगळवारी काच तयार झाली. भिंगबाईंनी आधी शेंडेफळाला बघायला लावलं. काचेवर गर्दी उसळली होती. पांढऱ्या पेशी, ढिगारा उचलणाऱ्या थोराड पेशी, दहा-दहा जणी एकत्र मिळून झालेल्या राक्षसी पेशी, बाहेर डागडुजीचे धागे. अख्खी गल्ली लोटली होती. आणि सगळ्यांच्या मधोमध लाकडाचा एक इवलासा काप. पहिल्या वेळी गाठीच्या कडेचाच तुकडा आला होता, हा मधला.

शिलाईबाईला विचारल्यावर आठवलं. तीन वर्षांपूर्वी बाकाची फळी मोडून ती पडली होती, पोटरीत कुसळ गेलं होतं, निघालं असं समजून ती विसरून गेली. ती विसरली, शरीर विसरलं नाही. जे गिळता येत नाही आणि टाकताही येत नाही, त्याच्याभोवती ते भिंत बांधत बसलं होतं. वाईट रोग नव्हताच. गाठ काढली, पाय राहिला.

त्या माणसांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं.

बाटलीमामांना खोट्या खुणेबद्दल महिनाभर घरी बसवलं, पण निवृत्ती वेळेवर मिळाली. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर ते एकदा विभागात आले आणि म्हणाले, भिंती एवढ्या कळकट आहेत हे माहीत असतं तर मोतीबिंदूच राहू दिला असता. त्यानंतर नऊ वर्षं जगले. शेंडेफळावर ते कधी रागावले नाहीत, आणि तिला तेच जड गेलं. त्यांच्या थेंबाचा नियम मात्र कागदावर आला आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत लावला गेला. कागद लिहिला थोरल्या सिस्टरनी. त्या पुढे सगळ्या सिस्टरांच्या मुख्य झाल्या आणि शेवटपर्यंत कोणतीही बाटली ओतण्याआधी दुसऱ्या कोणालातरी हुंगायला लावत राहिल्या. धाकटे डॉक्टर दूरच्या शहरात मोठे झाले. काच नक्की झाल्याशिवाय ते रोग्याला काही सांगत नाहीत असं ऐकलं. मोठे सर्जन हृदयविकारानं गेले, उभ्या उभ्याच.

भिंगबाईंनी शेंडेफळाला एका सत्रासाठी घरी पाठवलं. परत आल्यावर त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. निवृत्त होऊन जाताना आपलं भिंग आणि त्या दोन काचा तिला देऊन गेल्या, एक शेजारी न आलेली, एक आलेली. शेंडेफळ त्याच तळमजल्यावर छत्तीस वर्षं राहिली, पुढे शिकवायलाही लागली. दर वर्षी नव्या मुलींना त्या दोन काचा दाखवायची आणि एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगायची. कोण विद्यार्थिनी, हे सांगायची नाही.

शिलाईबाई किंचित लंगडत चालायची, पण यंत्र चालवायची. विभागाचे सगळे एप्रन तिच्याकडे शिवायला जायचे. तुमच्या लॅबनं माझा पाय राखला, असं ती प्रत्येक वेळी म्हणायची, आणि शेंडेफळ प्रत्येक वेळी खाली बघायची. थोरलीचं नाव शाळेत पुन्हा घालायचं होतं. आई उठेपर्यंत दोन महिने गेले, तोवर हातात कामं साचली, मग धाकटीची फी, मग धाकटीचं कॉलेज. ते राहूनच गेलं. धाकटी शिक्षिका झाली. थोरली आईच्या यंत्रावर बसली ती बसलीच. हात असा की टाका दिसू नये. शेंडेफळाच्या एप्रनच्या खिशावर ती न सांगता एक छोटं गुलाबी फूल काढून द्यायची.

निवृत्तीच्या वर्षी शेंडेफळ शेवटचा एप्रन शिवायला टाकायला गेली. शिलाईबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरली आता पन्नाशीला टेकलेली, टाचण्या ओठांत धरून माप घेत होती. तिथे, तसं उभं राहून, शेंडेफळानं तिला सांगितलं. सोमवार, सव्वाआठ, मोरी, तीन दिवस. काही गाळलं नाही.

थोरलीनं ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. शाळा सुटली होती, मुली घोळक्यानं चालल्या होत्या. घोळका संपेपर्यंत ती बघत होती.

मग म्हणाली, “हात वर करा.”

आणि छातीचं माप घेतलं.

एप्रन ठरल्या दिवशी मिळाला. शिलाई नेहमीसारखीच, एक टाका दिसेल तर शपथ. घरी येऊन शेंडेफळानं घडी उलगडली आणि खिशावरून बोट फिरवलं.

फूल नव्हतं. बरोबरच आहे, असं तिला वाटलं.